केसप्रथिनांची जनुके : बेळगाव सीमाभागातील गुरे व मेंढ्या

केस, लोकर, शिंग आणि खूर हे सगळे मुख्यतः केराटिन या प्रथिनाचे बनतात. बैलाची शिंगे साळताना खाली पडणारा कीस आणि घोंगडीतला धागा हे त्या नात्याने भाऊबंद. ही प्रथिने घडवणाऱ्या जनुकांत जातीगणिक, आणि एकाच कळपातही, फरक आढळतो. बेळगाव, चिकोडी, रायबाग, अथणी, खानापूर या पट्ट्यात खिलार व कृष्णा खोरे जातीची गुरे, पंढरपुरी म्हैस आणि दख्खनी मेंढी असल्याने हा विषय इथे गोठ्यातच पाहता येतो.

आम्लधर्मी आणि उदासीन-अल्कधर्मी अशा दोन प्रकारच्या केराटिनांची जोडी जुळून पीळ बसतो, आणि पिळांचे तंतू होतात. तंतूंच्या मधली जागा केराटिन-संलग्न प्रथिने (केएपी) भरतात. धनगर घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. केराटिन हा ताणा मानला तर केएपी ही खळ. यातल्या काही प्रथिनांत गंधक भरपूर, आणि गंधकाचे बंध केसाला चिवटपणा देतात. काहींत ग्लायसीन व टायरोसीन जास्त असते.

गाय आणि शेळीत आम्लधर्मी केराटिनांचा जनुकसमूह १९व्या गुणसूत्रावर आहे, दुसरा ५व्यावर. मेंढीत तेच समूह ११व्या व ३ऱ्यावर सापडतात. गाय-शेळीची गुणसूत्रे ६०, मेंढीची ५४. गाईच्या ५व्या व ११व्याशी जुळणारे भाग मेंढीत जोडले जाऊन ३रे झाले, बाकीच्यांचे क्रमांकही बदलले, म्हणून पत्ता बदलला, घर तेच.

ताणा फारसा बदलत नाही. केराटिनात बिघाड झाला तर तो लपत नाही : केआरटी-७१ हे केराटिनाचे जनुक बिघडल्याने हेरफोर्ड या परदेशी जातीच्या वासरांना धड केस येत नाहीत, आणि फ्लेकफी या दुसऱ्या परदेशी जातीतले कुरळे केस केआरटी-२७ या जनुकातल्या बदलाने येतात. खरी विविधता खळीत आहे. केएपीची जनुके आखूड असतात, त्यांत मध्ये खंड नसतो, आणि एकाच तुकड्याची पुनरावृत्ती वारंवार दिसते. मेंढीच्या केएपी-१-१ या जनुकात डीएनएच्या ३० अक्षरांचा, म्हणजे प्रथिनातल्या १० अमिनो आम्लांचा, तुकडा कुठे जास्त वेळा येतो, कुठे कमी. केएपी-६-१ मधून ५७ अक्षरे गळालेल्या मेंढ्यांची लोकर जाड भरते, असे मेरिनो या तलम लोकरीच्या जातीच्या संकरांच्या अभ्यासात दिसले आहे.

चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत बैल घेणारा आधी भोवरे बघतो, मग पाठीवरून हात फिरवून केस आणि कातडी चाचपतो. या परीक्षेत केराटिनाचा भाग थोडाच. भोवरा हा केस कोणत्या दिशेने उगवतो त्याचा मामला. कोसा की काजळी हे ठरवणारी रंगद्रव्याची जनुके निराळी. अंगाला चिकटलेला आखूड केसही केराटिनामुळेच असेल असे नाही : सेनेपोल या परदेशी जातीच्या गुरांत तो प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा संदेश पेशीत घेणाऱ्या प्रथिनातल्या (ग्राहकातल्या) बदलाने येतो. रेडकू केसाळ आणि म्हैस विरळ केसांची, यातही जनुक बदललेले नसते. केसांची मुळे जन्मतःच मोजकी असतात. कातडी वाढते तसे केस दूर दूर पडतात.

लोकरीचा पैसा मात्र केसाच्या घडणीवरच आहे. दख्खनीची लोकर भरड, तिच्यात पोकळ गाभ्याचे केस बरेच. मेरिनोच्या मापाने ती हलकी ठरवणे मला पटत नाही. पावसात पांघरायला असलाच चिवट धागा लागतो. शिवाय लोकर नुसत्या जनुकांवर ठरत नाही. चाऱ्यातून गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी मिळाली की अतिगंधकी केएपी कमी बनतात. आणि कोकराची पहिली कातरणी, म्हणजे जावळ, इतकी मऊ निघते की धनगर ती वेगळी काढून ठेवतात. त्याच अंगावर, त्याच जनुकांतून पुढे येणारी लोकर भरडच असते.