डेव्हिल मे क्राय

डेव्हिल मे क्राय ही कॅपकॉम या जपानी कंपनीची अॅक्शन व्हिडिओ गेम मालिका. पहिला भाग २००१ साली प्लेस्टेशन २ वर आला आणि पाचवा २०१९ मध्ये. पांढरे केस, लाल कोट, पाठीवर तलवार आणि हातांत एबनी व आयव्हरी ही पिस्तुले असा दांते हा मालिकेचा नायक. वडील स्पार्डा हे माणसांच्या बाजूने उभे राहिलेले सैतान, आई माणूस. दांते पैसे घेऊन सैतानांची शिकार करतो. व्हर्जिल हा त्याचा जुळा भाऊ आणि कट्टर प्रतिस्पर्धी.

कथा एवढीच. खेळाडू वीस-वीस वर्षे या मालिकेला चिकटून राहिले ते गुणांच्या पद्धतीमुळे. शत्रूला मारणे ही इथे किमान अपेक्षा असते, गुण मिळतात ते कसे मारले यावर. एकच वार पुन्हा पुन्हा केला, मार खाल्ला किंवा नुसते उभे राहिले की पडद्यावरचे श्रेणीचे अक्षर घसरते. वार बदलत राहिले, लय टिकवली की ते सर्वांत खालच्या ‘डी’पासून वरच्या ‘एस’कडे चढत जाते.

पहिला भाग हिदेकी कामिया यांनी दिग्दर्शित केला. काम सुरू झाले होते ते रेसिडेंट एव्हिल या कॅपकॉमच्या भयकथा-गेम मालिकेच्या चौथ्या भागाचे. पण ते भयकथेच्या अंगाने न जाता इतके वेगळे निघाले की त्याची नवी मालिकाच झाली. ओनिमुशा या कॅपकॉमच्याच गेममध्ये एका दोषामुळे शत्रू वार खात हवेत लटकत राहायचे. कामियांनी तो दोष हेरला आणि त्यावरच लढाईचा पाया रचला. कंट्रोलरवरचे आर १ बटण दाबून धरायचे, स्टिक मागे ओढायची, वाराचे बटण दाबायचे: दांते शत्रूला तलवारीने वर उडवतो, मग खाली येऊ न देता गोळ्यांनी तिथेच झुलवत ठेवतो. आजच्या कितीतरी अॅक्शन गेमना ही चाल घरची वाटते, ती इथून आली.

दुसऱ्या भागाने (२००३) खेळाडूंची निराशा केली. तो कामियांच्या हाती नव्हता. लढाई सोपी आणि मिळमिळीत होती, नुसते पिस्तुलांचे बटण दाबत राहिले तरी बरेच शत्रू संपत. शेवटच्या टप्प्यात ज्यांच्यावर हे काम येऊन पडले त्या हिदेआकी इत्सुनो यांनी तिसऱ्या भागात (२००५) सगळी भरपाई केली. ट्रिकस्टर, स्वोर्डमास्टर, गनस्लिंगर आणि रॉयलगार्ड अशा लढण्याच्या शैली त्यात आल्या. रॉयलगार्ड ही त्यांतली सर्वांत धाडसी. वार अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी बटण दाबले तर इजा होत नाही, उलट त्याची ताकद साठते आणि एका फटक्यात परत करता येते. क्षणभर चुकले की मार पक्का. मालिकेचा कळस हाच भाग, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अमेरिकेत मात्र तो पहिल्यांदा आला तेव्हा अनेक जण सुरुवातीच्या सर्बेरस या तीन तोंडांच्या कुत्र्यासारख्या बलाढ्य शत्रूपाशीच अडकले, कारण जपानमधली ‘हार्ड’ पातळी तिथे ‘नॉर्मल’ म्हणून दिली होती. २००६ च्या स्पेशल एडिशनमध्ये हे सुधारले आणि व्हर्जिलही खेळता येऊ लागला.

चौथ्या भागात (२००८) नीरो हा नवा नायक आला आणि दांतेला लढता लढता शैली बदलता येऊ लागली. उत्तरार्धात मात्र त्याच जागा उलट्या क्रमाने पुन्हा तुडवाव्या लागतात. ही तक्रार तेव्हाही रास्त होती, आजही आहे.

सर्वांत मोठा वाद झाला तो ‘डीएमसी’चा. ब्रिटनच्या निंजा थिअरी या गेम कंपनीने नव्याने मांडलेला हा गेम २०१० मध्ये टोकियो गेम शोमध्ये जाहीर झाला आणि जानेवारी २०१३ मध्ये विक्रीला आला. दांतेचे केस काळे, वय कोवळे, तोंड शिवराळ. सुरुवातीलाच एक पांढरा विग त्याच्या डोक्यावर येऊन पडतो, तो आरशात पाहतो आणि असले काही आपण जन्मात करणार नाही अशा अर्थाचे बोलून विग फेकून देतो. जुन्या खेळाडूंनी तो स्वतःचा अपमान मानला. समीक्षकांनी मात्र गेमला चांगले गुण दिले. त्यामुळे हा राग केसांपुरताच होता असे सर्रास सांगितले जाते, आणि ते अन्यायाचे आहे. आधीचे भाग सेकंदाला ६० चित्रांनी चालत. हा कन्सोलवर ३० चित्रांवर आला. शत्रूवर नजर रोखून धरण्याचे बटण काढले होते. काही लाल-निळ्या शत्रूंवर ठरावीक शस्त्रच चाले, म्हणजे ज्या मोकळिकीसाठी माणूस हा गेम हाती घेतो तिलाच कुंपण. २०१५ च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये ६० चित्रे आणि नजर रोखण्याची सोय परत आली. नुसती केसांची कुरकुर असती तर हे बदल करावे लागले नसते. रंगांनी जिवंत झालेले, अंगावर धावून येणारे लिम्बो शहर ही या गेमची देखणी बाजू. तिचे कौतुक विरोधकांनीही करायला हवे होते.

पाचवा भाग ८ मार्च २०१९ रोजी आला, पुन्हा इत्सुनोंच्या दिग्दर्शनाखाली, आणि त्याचे मनापासून स्वागत झाले. गुण चढतील तसे पार्श्वसंगीतही चढते. नीरो लढत असताना अक्षर ‘एस’वर पोहोचले की त्याच्या ‘डेव्हिल ट्रिगर’ गाण्याचे धृपद सुरू होते, त्यामुळे चांगले खेळणे कानालाही कळते. तक्रारी होत्याच: भूगर्भातल्या जागा एकसारख्या दिसतात, गेममधले चलन असलेले लाल मणी खऱ्या पैशांनी विकत मिळतात, आणि दुरून पाळीव सैतानांकरवी लढणारा व्ही सगळ्यांना रुचला नाही.

मुख्य कथा काही तासांत संपते. त्यानंतर खेळाडू ‘व्हॉइड’ या सरावाच्या जागेत शिरतात. हवेतच शत्रूच्या अंगावर पाय देऊन उडी मारायची आणि अर्धवट वार तोडून पुढचा सुरू करायचा, ही ‘जंप कॅन्सल’ची युक्ती बोटांत बसवायला चिकाटी लागते. ती साधलेले खेळाडू आपल्या कॉम्बोचे, म्हणजे न तुटता जोडलेल्या वारांचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतात आणि इतर जण ते सावकाश चालवून एकेक बटण ओळखत शिकतात.