मराठीत विचार केला की इंग्रजी निबंध बिघडतो?

‘इंग्रजी लिहिताना मराठी डोक्यात आणूच नका,’ असं कोल्हापुरात वर्षानुवर्षं पोरांना बजावलं जातं. संशोधन वेगळंच सांगतं. १९९२ मध्ये कोबायाशी आणि रिनर्ट यांनी जपानी विद्यार्थ्यांकडून एक निबंध थेट इंग्रजीत, तर दुसरा आधी जपानीत लिहून मग भाषांतर करून घेतला. भाषांतरित निबंध आशयात सरस ठरले, कच्च्या विद्यार्थ्यांना फायदा जास्त झाला. चांगलं इंग्रजी येणाऱ्यांच्या भाषांतरात मात्र अर्थ बिघडवणाऱ्या चुका वाढल्या. तेवढ्यापुरते मास्तर बरोबर. पण २०१९ च्या महापुरावर लिहायचं, तर पाणी कुठवर चढलं, जनावरं कुठं हलवली, आधी काय सांगायचं, हे पोराला मराठीत ठरवू द्या की! वाक्यं मग थेट इंग्रजीत जुळवायची.