शून्य रुग्ण की विषाणूसोबत जगणं: वादाची पार्श्वभूमी

कोविडचे रुग्ण शून्यावर आणायचे की विषाणूसोबत जगायचं, या वादातला निम्मा गोंधळ शब्दांचा आहे, आणि मराठीत तो जरा जास्तच आहे. देवीचं निर्मूलन, गोवराचं निर्मूलन, कुष्ठरोगाचं निर्मूलन असं आपण एका दमात लिहून जातो. तिन्ही ठिकाणी अर्थ मात्र वेगळा. देवी जगातून गेल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं आणि तिची लस देणंही थांबवता आलं. गोवराच्या बाबतीत अर्थ एवढाच, की ठरावीक प्रदेशात किमान १२ महिने संसर्गाची स्थानिक साखळी नाही. बाहेरून रुग्ण येऊ शकतात, म्हणून लसीकरण चालूच ठेवावं लागतं. कुष्ठरोगात तर १०,००० लोकसंख्येमागे १ पेक्षा कमी रुग्ण असले की ‘निर्मूलन’ झालं.

कोविडमध्ये ‘शून्य रुग्ण’ म्हणणारे दुसऱ्या अर्थानं बोलत होते. टीकाकार पहिला अर्थ धरून ‘हे कधीच शक्य नाही’ म्हणत राहिले. दोघंही आपापल्या जागी बरोबर, त्यामुळे वाद संपेना.

‘एंडेमिक’ या शब्दाचीही तीच गत झाली. रोग एखाद्या प्रदेशात कायमचा रुजला, त्याची पातळी साधारण अंदाजात राहू लागली, एवढंच तो शब्द सांगतो. रोग सौम्य झाला असं त्यात कुठेही नाही. मलेरिया एंडेमिक आहे आणि दरवर्षी लाखो जीव घेतो. २०२१-२२ मध्ये मात्र हा शब्द ‘आता काळजी नको’ या अर्थानं सर्रास वापरला गेला. तो निव्वळ गैरवापर होता.

विलगीकरण जुनंच. १३७७ मध्ये डुब्रोवनिक या आजच्या क्रोएशियातल्या बंदरानं साथीच्या भागातून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर थांबवलं. पुढे इतरत्र त्याचे ४० झाले. पण २०२० च्या नियमांवर जास्त छाप होती ती २००३ च्या सार्स या श्वसनरोगाची. सुमारे ८,००० रुग्ण, ८०० च्या आत मृत्यू, आणि साथ काही महिन्यांत संपली. कारण सार्सचा रुग्ण सर्वाधिक संसर्ग पसरवायचा तो आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर तो रुग्णालयात पोचलेला असे. कोविडचा रुग्ण लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच इतरांना लागण करत होता. फक्त आजारी माणूस वेगळा काढून भागणार नव्हतं. सगळ्यांनाच घरात बसवावं लागलं.

निर्बंध किती कडक असावेत, याचं गणित सोपं आहे आणि धोरणकर्त्यांनी ते लोकांना क्वचितच समजावलं. समजा १,००० रुग्ण आहेत आणि संसर्गाची एक फेरी, म्हणजे एकाला लागण झाल्यापासून त्यानं पुढच्याला लागण करेपर्यंतचा काळ, ५ दिवसांची आहे. निर्बंधांमुळे १० रुग्णांमागे ७ नवे होत असतील, तर फेरीचे रुग्ण १० च्या खाली यायला १३ फेऱ्या, म्हणजे ६५ दिवस लागतात. १० मागे ९ नवे होत असतील तर ४४ फेऱ्या, म्हणजे २२० दिवस! अर्धवट निर्बंध स्वस्त वाटतात, प्रत्यक्षात तेच सर्वांत महाग पडतात. न्यूझीलंडनं २५ मार्च २०२० च्या रात्री सगळं बंद केलं आणि ८ जूनला तिथे एकही सक्रिय रुग्ण उरला नव्हता.

विषाणूच्या डेल्टा या नव्या प्रकारानं हे गणित बिघडवलं आणि त्यानंतरच्या ओमायक्रॉननं मोडलं. ओमायक्रॉनची फेरी सुमारे तीन दिवसांवर आली. लक्षणं दिसल्यावर चाचणी, दुसऱ्या दिवशी अहवाल, तिसऱ्या दिवशी संपर्कातल्यांना फोन. तोवर त्यांच्यातले काही पुढच्यांना लागण करून मोकळे झालेले. विलगीकरणाच्या हॉटेलांतही गळती होत होती. समोरासमोरच्या खोल्यांची दारं उघडली की मार्गिकेतली हवा इकडून तिकडे जाई, आणि समोरच्याला कुणाला न भेटताच लागण होई.

सर्वांत वादग्रस्त ठरला तो ४ ऑक्टोबर २०२१ चा न्यूझीलंडचा निर्णय. एका रुग्णावरून ऑगस्टमध्ये पुन्हा टाळेबंदी झाली होती आणि ऑकलंड या तिथल्या सर्वांत मोठ्या शहरात साखळी तुटत नव्हती. तेव्हा शून्याचं लक्ष्य सोडून ‘संक्रमणा’चा टप्पा जाहीर झाला. (मराठीत हा शब्द स्थित्यंतरालाही चालतो आणि लागण होण्यालाही, इथे दोन्ही अर्थ लागू पडले.) पात्र लोकांपैकी दुसरा डोस मिळालेले जेमतेम निम्मे होते, म्हणून टीका झाली. पण भाषा बदलली तरी ऑकलंडचे निर्बंध डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत टिकले. ओमायक्रॉनची मोठी लाट आली तोवर १२ वर्षांवरच्या ९० टक्क्यांहून अधिक लोकांचे दोन डोस झाले होते.

हाँगकाँगनं शून्य तेवढ्याच निष्ठेनं राखलं होतं. दोन वर्षांत सव्वादोनशेच्या आत मृत्यू. पण २०२२ च्या सुरुवातीला ऐंशीच्या पुढच्यांत दोन डोस घेतलेले चौथ्या हिश्श्याहून कमी होते. रुग्णच नाहीत तर लस कशाला, असं अनेक घरांतून वाटत होतं. दुष्परिणामांची भीती होतीच. लाट आली आणि चार महिन्यांत सुमारे ९,००० माणसं गेली, बहुतेक वृद्ध. ७५ लाखांच्या शहरात! निर्बंधांनी वेळ मिळवून दिला होता, तो लसीकरणात लागला नाही. हे उदाहरण समोर असतानाही चीननं डिसेंबर २०२२ मध्ये, तेही ऐन हिवाळ्यात, बहुतेक निर्बंध काही दिवसांत उठवले.

इतरत्र निर्बंध पायरीपायरीनं उतरले. विलगीकरणाचे १४ दिवस १० झाले, मग ७, काही ठिकाणी ५. प्रत्येक कपातीला वैज्ञानिक आधार दिला गेला, तरी कर्मचारी कमी पडत होते हेही तितकंच खरं कारण होतं. न्यूझीलंडमधला सात दिवसांच्या सक्तीच्या विलगीकरणाचा नियम १५ ऑगस्ट २०२३ ला उठला, म्हणजे ‘संक्रमण’ जाहीर झाल्यावर २२ महिन्यांनी.