रानपिंगळ्याच्या पायातली चिठ्ठी

संग्रहालयातला पक्षी खणात उताणा पडलेला असतो. पोटात कापूस, डोळ्यांच्या जागी कापसाचेच पांढरे ठिपके आणि पायाला दोऱ्याने बांधलेली बोटभर चिठ्ठी. तिच्यावर गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. आपली नजर पिसांवर जाते, पण अभ्यासक आधी चिठ्ठी वाचतो.

ती चिठ्ठी किती मोलाची असते, हे रानपिंगळ्याने दाखवून दिलं. ब्रिटिश अधिकारी आणि पक्षी-अभ्यासक ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या घुबडाचं शास्त्रीय वर्णन केलं. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन यांना तो खानदेशात मिळाला. मग मात्र तो दिसेनासा झाला. विसाव्या शतकातला एकच नमुना होता, ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातला, आणि त्याच्या चिठ्ठीवर होतं ‘मांडवी, गुजरात, १९१४’.

अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला आणि निघालं भलतंच. पक्षी डेव्हिडसन यांचाच होता. संग्रहालयातून चोरलेला, उसवून पुन्हा भरलेला, खोटी चिठ्ठी लावलेला. मांडवी बाद झाली. मग बाकीच्या नमुन्यांच्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरून शोध सुरू झाला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा समोर बसलेला सापडला. तब्बल ११३ वर्षांनी! पुढे तो मेळघाटात आणि तानसाच्या रानातही दिसला.

हा इतिहास शोधायला मात्र इंग्लंडमधल्या ट्रिंग गावच्या संग्रहालयाचे खण उघडावे लागले. ह्यूम यांनी १८८५ मध्ये आपला प्रचंड पक्षीसंग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. आपल्या रानातल्या पक्ष्यांचे मूळ पुरावे असे साता समुद्रापार गेले.

जैवविविधता कायदा, २००२ मधलं ३९ वं कलम मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. या कलमानुसार केंद्र सरकार काही संस्थांना अधिकृत नमुना-भांडार म्हणून नेमतं. कोणालाही नवी प्रजाती सापडली, तर तिची माहिती या भांडाराला कळवून पुरावा-नमुना तिथे जमा करावाच लागतो. भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण ही त्यातली मोठी नावं; विषाणूंसाठी पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, तर सागरी जीवांसाठी गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. ज्या नमुन्यावरून प्रजातीचं वर्णन होतं त्याला होलोटाइप म्हणतात. पुढे कधी नावावरून वाद झाला, तर शेवटी त्याच्याकडेच जावं लागतं.

जमा करणं एकदाच होतं, सांभाळणं मात्र कायमचं असतं. बाटलीतला बेडूक अल्कोहोलमध्ये असतो. अल्कोहोल हळूहळू उडतं, म्हणून पातळी बघून ते पुन्हा भरावं लागतं. विसरलं की बेडूक सुकून जातो. आतली चिठ्ठी बहुधा पेन्सिलीने लिहिलेली, कारण साधी शाई अल्कोहोलमध्ये उतरते. वाळवलेल्या वनस्पतींना आपल्या पावसाळ्यात बुरशी लागते. कातड्यांना पिसं कुरतडणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या. डांबरगोळ्या टाकून कपाट बंद केलं की काम संपलं, असं इथे चालत नाही. दर काही आठवड्यांनी खण ओढून कोणीतरी बघायलाच हवं. त्या ‘कोणीतरी’चं पद रिकामं राहिलं, तर कलम ३९ चा उपयोग काय?

आणि आग. २६ एप्रिल २०१६ ला दिल्लीचं राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय जळालं. २ सप्टेंबर २०१८ ला रिओ दी जानेरोमधलं ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय पेटलं. तिथला कीटकांचा प्रचंड संग्रह जवळपास सगळा गेला. वनस्पतींचा संग्रह वेगळ्या इमारतीत होता, तो वाचला. संग्रह कुठे आणि कसा ठेवायचा, हे धोरणात ठरलेलं असलं की असा फरक पडतो.

कोणता नमुना कधी कामाला येईल, हे गोळा करताना कळत नाही. १९६७ मध्ये ब्रिटिश संशोधक डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहांतल्या जुन्या अंड्यांची कवचं मोजली, तेव्हा बहिरी ससाण्याच्या अंड्यांचं कवच १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पातळ झालेलं आढळलं. कारण होतं डीडीटी. त्यातली बरीच अंडी गोळा झाली तेव्हा हे कीटकनाशक वापरातही आलेलं नव्हतं. प्रत्येक अंड्याबरोबर जागा आणि साल लिहिलेलं होतं, म्हणूनच ती तुलना करता आली.