‘३८ जण नुसते बघत राहिले’? तसं झालंच नव्हतं

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात १३ मार्च १९६४ च्या पहाटे किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. ३८ शेजारी अर्धा तास बघत राहिले, हल्ला चालू असताना एकानेही पोलिसांना कळवलं नाही, असं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दोन आठवड्यांनी छापलं. माणूस मुळात निष्ठुरच, याचा तो जणू पुरावा ठरला.

प्रत्यक्षात हल्ले दोन झाले. पहिल्या वेळी एक शेजारी खिडकीतून ओरडला, तसा हल्लेखोर पळाला. दुसरा हल्ला इमारतीच्या मागच्या बाजूला, आतल्या जिन्यापाशी झाला. तो बहुतेकांना दिसणंच शक्य नव्हतं. एक शेजारीण तर धावत गेली आणि जखमी किटीला तिने कवेत धरून ठेवलं. (नेमकं हेच बातमीत नव्हतं!) २०१६ मध्ये त्याच वृत्तपत्राने आपली बातमी सदोष असल्याचं मान्य केलं.

डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांचे १९६८ मधले प्रयोग मात्र खरे. संकटातल्या माणसाची हाक इतरही ऐकताहेत असं वाटलं, की माणूस मदतीला उठायला वेळ लावतो. पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रस्त्यावरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं, तर १० पैकी ९ घटनांत कुणी ना कुणी मध्ये पडलेलं दिसलं. बघे जितके जास्त, तितकी ही शक्यता जास्त!