देहधारण (ख्रिस्ती धर्मतत्त्व)

त्रैक्यातील (पिता, पुत्र व पवित्र आत्मा) दुसरी व्यक्ती, म्हणजे देवपुत्र, हिने येशूच्या ठायी पूर्ण मानवी स्वभाव घेतला, ही ख्रिस्ती धर्माची मूलभूत श्रद्धा. ‘मानवावतार’ हा पर्यायही मराठी ख्रिस्ती लेखनात आढळतो. या तत्त्वाचा मुख्य आधार योहानाच्या शुभवर्तमानात (१:१४) आणि फिलिप्पैकरांस पत्रात (२:६–११) आहे. प्रस्तुत नोंदीत कोकण किनाऱ्यावरील इतिहास आणि मराठी परिभाषा यांवर भर दिला आहे.

सिद्धांताची मांडणी पहिल्या पाच शतकांतील वादांतून घडली. निकाया येथील बिशपांच्या परिषदेने (३२५) पुत्र हा पित्याशी एकतत्त्व असल्याचे ठरवले. येशूचे शरीर माणसाचे असले, तरी त्यात मानवी बुद्धीच्या जागी दैवी शब्दच (योहानाच्या भाषेत देवपुत्र) वसत होता, हे बिशप अपोलिनारिसचे मत कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने (३८१) त्याज्य मानले. मरियेला ‘देवमाता’ म्हणावे की नाही, या वादातून एफेससच्या परिषदेत (४३१) ते नाव नाकारणारा कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस याला पदच्युत केले गेले. खाल्किदोनच्या परिषदेने (४५१) ‘एक व्यक्ती, दोन स्वभाव’ हे सूत्र दिले. हे दोन स्वभाव मिसळत नाहीत, पालटत नाहीत, दुभंगत नाहीत आणि विलग होत नाहीत, अशी चार नकारांची चौकट त्याला आहे. सिद्धांत काय सांगतो, यापेक्षा काय नाकारतो हे त्यात अधिक स्पष्ट आहे.

परिभाषा : प्रचलित मराठी बायबलमधील ‘शब्द देही झाला’ हे वाक्य नाताळात सर्वत्र वाचले जाते. मूळ ग्रीकमध्ये ‘सार्क्स’ म्हणजे मांस हा उघडावाघडा शब्द आहे. लॅटिनमधील ‘इन्कार्नातिओ’ ही संज्ञाही मांसवाचक शब्दावरूनच आली. मराठीत ‘मांस झाला’ म्हणणे कानाला सोसवत नाही, म्हणून ‘देही’ आला असावा. पण गीतेत ‘देही’ म्हणजे देह नव्हे, तर देहात राहणारा (२:१३). जुनी वस्त्रे टाकून नवी घ्यावीत तशी शरीरे बदलणारा (२:२२). या अर्थाने वाक्य वाचले, तर ते नकळत अपोलिनारिसच्या बाजूला झुकते. शिवाय जुन्या मराठीतील ‘देहीं’ (देहात) हे सप्तमीचे रूप अनुस्वार लोपल्यामुळे आज उच्चारात वेगळे उरलेले नाही. ऐकणाऱ्याला ‘शब्द देहात आला’ असाही बोध होऊ शकतो. चौथ्या शतकात ज्यावर परिषदा भरल्या, तो प्रश्न मराठीत एका वेलांटीवर येऊन ठेपतो.

‘अवतार’ या शब्दाबद्दल मतभेद जुना आहे. तो श्रोत्याच्या ओळखीचा, ही त्याची जमेची बाजू. आक्षेप असा की, अवतार युगायुगांत पुन्हा होतो आणि कार्य संपले की आवरला जातो. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देहधारण एकदाच झाले आणि पुनरुत्थानानंतरही ते मानवपण टाकलेले नाही. दक्षिण कोकणात तर ‘अवतार’ म्हटले की दशावतारी खेळ डोळ्यांपुढे येतो. तेथे रात्रभर देव म्हणून वावरलेल्या नटाचा रंग पहाटे पुसला जातो. येशूचा देह केवळ भासमान होता, असे मानणारा आभासवाद चर्चने आरंभीच नाकारला होता. नेमकी तीच छटा येथे शिरते. (घरगुती बोलण्यातील ‘काय हा अवतार!’ हा प्रयोग येथे विचारात घेतलेला नाही.) ‘देहधारण’ त्यामानाने सुरक्षित ठरतो, जरी ‘धारण’मध्येही वस्त्र पांघरल्याचा सूर थोडा उरतोच.

कोकणातील पूर्वेतिहास : सहाव्या शतकाच्या मध्यास कॉस्मस या ग्रीक भाषिक प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे नोंदवले आहे. हे स्थळ म्हणजे ठाणे जिल्ह्यातील कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काहींनी ते दक्षिणेकडे, उडुपीजवळच्या कल्याणपूरला नेले आहे. तथापि कल्याणचे प्राचीन बंदर म्हणून असलेले स्थान पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. पर्शियन चर्च एफेससचा निर्णय न मानणारे होते. तेव्हा या किनाऱ्यावर ही श्रद्धा प्रथम ज्या रूपात पोहोचली, ते बहुधा दोन स्वभावांचे वेगळेपण ठळकपणे सांगणारे असावे. त्या परंपरेतील असिरियन चर्च आणि रोम यांच्यात या मुद्द्यावर संयुक्त घोषणापत्र निघायला १९९४ साल उजाडले.

ठाणे येथे १३२१ मध्ये घडलेला प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. चीनकडे निघालेले तोलेंतीनोचा थॉमस आणि त्याचे तीन फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या संघातील) सोबती तेथे एका नेस्टोरियन, म्हणजे वरील पर्शियन परंपरेतील, ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले होते. काझीसमोर वाद झाला, तो ख्रिस्त निव्वळ माणूस की देवही, याच प्रश्नावर. पुढे एप्रिलमध्ये चौघांनाही ठार करण्यात आले. नंतर तेथे आलेल्या ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने हा वृत्तांत लिहून ठेवला. तो हुतात्म्यांच्या गौरवासाठी लिहिलेला असल्याने त्यातील संवाद शब्दशः घेता येत नाहीत. परंतु या किनाऱ्यावर देहधारणावर झालेल्या वादाचा हा बहुधा सर्वांत जुना तपशीलवार उल्लेख होय.

वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि उत्तर कोकणात रोमन कॅथलिक परंपरा रुजली. मराठीत या विषयाची पहिली मोठी मांडणी मात्र गोव्यात झाली. इंग्लंडहून १५७९ मध्ये आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध काव्य १६१६ मध्ये रायतूर (राशोल) येथे रोमन लिपीत छापले गेले. आज ते ‘ख्रिस्तपुराण’ म्हणून प्रसिद्ध असले, तरी छापील पोर्तुगीज शीर्षकाचा अर्थ ‘आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगातील आगमनाविषयी विवेचन’ असा आहे. शीर्षकात अवतारही नाही आणि देहही नाही. आहे ते ‘आगमन’. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यास कवी कचरत नाही, हे लक्षात घेता शीर्षकातील संयम नजरेत भरतो. अर्थात शीर्षक पोर्तुगीज परवाना-अधिकाऱ्यांसाठी आणि ओव्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी, हाही खुलासा संभवतो. सतराव्या शतकातील तिन्ही आवृत्त्यांची छापील प्रत उपलब्ध नाही. पाठ हस्तलिखितांवरून सिद्ध केलेला आहे.

प्रॉटेस्टंट कार्य कोकणात स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ च्या सुमारास बाणकोट येथे सुरू केले. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्तचरित्र ‘ख्रिस्तायन’ या काव्यात मांडायला घेतले. ते अपुरे राहिले व पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

आचार : देहधारणाचा सण खरे तर २५ मार्च, म्हणजे मरियेला देवदूताचा संदेश मिळाल्याचा दिवस, नाताळ त्यानंतर बरोबर नऊ महिन्यांनी येतो. मिस्सेत (चर्चमधील मुख्य उपासनेत) श्रद्धांगीकार, म्हणजे श्रद्धेचे ठरलेले निवेदन, म्हणताना ‘मनुष्य झाला’ या आशयाच्या ओळीवर कॅथलिक भाविक मस्तक लववतात. या दोन सणांना मात्र गुडघे टेकतात. वसई परिसरात नाताळासाठी घरोघरी व वाड्यावाड्यांत ख्रिस्तजन्माच्या देखाव्याचे गोठे उभारतात. त्यासाठी आधीच धान्य रुजत घालतात. कोवळे हिरवे कोंब गोठ्याभोवती शेत म्हणून मांडले जातात. मरिया, योसेफ, मेंढपाळ, गुरे सगळी आपापल्या जागी असतात. गव्हाणीत फक्त गवत असते. बाळाची मूर्ती २४ डिसेंबरच्या रात्रीची मिस्सा झाल्यावर ठेवतात.