प्रथमफळ आणि दशमांश: शास्त्रातल्या देण्याची पार्श्वभूमी

काही ख्रिस्ती मंडळ्यांत जानेवारी आला की वर्षाचा पहिला पगार पूर्णपणे 'प्रथमफळ', म्हणजे कमाईचा पहिला वाटा, म्हणून अर्पण करा, असे सांगितले जाते आणि त्याच दमात दशमांशाची आठवण करून दिली जाते. मोशेच्या नियमशास्त्रात ही दोन वेगळी अर्पणे आहेत. दशमांशाचे माप ठरलेले होते, दहातला एक. तो लेव्यांना, म्हणजे पवित्रस्थानाची सेवा करणाऱ्या वंशाला, मिळे, कारण इस्राएलाच्या वंशांना वतन वाटले तेव्हा त्यांच्या वाट्याला जमीन आली नव्हती. लेवीही त्या दशमांशाचा दहावा भाग याजकांना देत (गणना 18). प्रथमफळाला मात्र नियमशास्त्राने मापच लावलेले नाही. किती द्यायचे यापेक्षा कधी द्यायचे, हा तिथला खरा प्रश्न होता. पूर्ण महिन्याच्या कमाईची मागणी या उताऱ्यांत कुठेही सापडत नाही.

ही वेळ कशी ठरलेली होती, ते लेवीय 23 मध्ये दिसते. पॅलेस्टाईनमध्ये जव आधी पिकते, साधारण मार्च-एप्रिलमध्ये, वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातल्या सुटकेच्या सणाच्या सुमारास. कापणीची पहिली पेंढी याजकाकडे आणायची आणि शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, दुसऱ्या दिवशी त्याने ती परमेश्वरासमोर ओवाळायची. सोबत एक वर्षाचे निर्दोष कोकरू, तेलात मळलेला दोन दशमांश एफा सपीठ आणि पाव हिन (हिन हे द्रवाचे माप) द्राक्षारस. एफा म्हणजे सुमारे 22 लिटरचे माप, म्हणजे हे पीठ साडेचार लिटरच्या आसपास भरते. हे अर्पण होईपर्यंत नव्या पिकाची भाकर, हुरडा किंवा हिरवी कणसे खायला मनाई होती. शेतकऱ्याला या मनाईचे वजन लगेच कळेल. जुने धान्य तळाला गेलेले, नवे डोळ्यांसमोर उभे, आणि बाकीचे पीक अजून शेतातच. गरम वारा, टोळधाड, अवकाळी पाऊस, काहीही येऊ शकते. अशा वेळी पहिली पेंढी द्यायची म्हणजे उरलेल्या पिकाचा भरवसा देवावर टाकायचा. खळे झाल्यावर, कोठारे भरल्यावर दिलेल्या वाट्यात ही जोखीम उरत नाही.

त्या दिवसापासून सात आठवडे मोजून पन्नासाव्या दिवशी गव्हाचा सण. तेव्हा नव्या गव्हाच्या, खमीर घालून भाजलेल्या दोन भाकरी आणायच्या. हा नियम सांगून होताच लगेच पुढच्या वचनात आज्ञा येते: शेताच्या कडा कापू नका, गळालेली कणसे वेचू नका, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. वेदीवरचे देणे आणि बांधावरचे देणे इथे शेजारी-शेजारी आहेत. प्रवचनांत पहिले येते आणि दुसरे बहुधा गळते, ही मोठी उणीव आहे.

टोपलीचा विधी अनुवाद 26 मध्ये आहे. शेतकरी पहिली फळे टोपलीत घालून पवित्रस्थानी येतो, याजक ती वेदीपुढे ठेवतो, आणि शेतकरी आपल्या पूर्वजांची हकिकत मोठ्याने म्हणतो: भटका अरामी पूर्वज, मिसरातली गुलामगिरी, सुटका, आणि ही जमीन. मग लेवी आणि परका यांच्यासह आनंद करायचा. त्याच अध्यायात पुढे दर तिसऱ्या वर्षाच्या दशमांशाचा नियम आहे. तो गावातच लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना द्यायचा, ते पोटभर जेवावेत म्हणून.

यरुशलेमेतल्या दुसऱ्या मंदिराच्या काळातला तपशील इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहूदी नियमसंग्रहात मिळतो. शेतकरी मळ्यात जाई, पहिले पिकलेले अंजीर किंवा द्राक्षाचा पहिला घड दिसताच त्याला गवताची दोरी बांधी आणि 'हे प्रथमफळ' असे म्हणे. फळे सात जातींचीच चालत: गहू, जव, द्राक्षे, अंजीर, डाळिंब, जैतून आणि खजूर. परिसरातले लोक एका गावी जमत, रात्र चौकात काढत आणि पहाटे निघत. जवळचे ताजी अंजिरे आणत, दूरचे सुकवलेली. पुढे सोनेरी शिंगांचा बैल आणि बासरीवाला. दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्याला आणि जमीन बळकावणाऱ्याला हे अर्पण आणता येत नसे, कारण शास्त्रवचन 'तुझ्या जमिनीचे प्रथमफळ' असे म्हणते, आणि ती जमीन त्यांची नव्हती.

यात एक अडचण उभी राहिली. ज्यांना पूर्वजांच्या हकिकतीचा तो उतारा पाठ येत नसे त्यांना याजक एकेक शब्द सांगे. मग चारचौघांत लाज वाटून असे लोक यायचेच थांबले. उपाय म्हणून सगळ्यांनाच सांगून म्हणवून घ्यायचे ठरले, ज्याला उतारा पाठ येतो त्यालाही आणि ज्याला येत नाही त्यालाही. देणगीदारांची नावे रकमेसह वाचून दाखवणाऱ्या प्रत्येक मंडळीने हा नियम अभ्यासावा.

नव्या पिकाचा पहिला वाटा देवाला देण्याची रीत आपल्याकडेही मुरलेली आहे. मुंबई-वसई पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचा ऑक्टोबरमधला आगेरा आणि गोव्यात ऑगस्टमध्ये होणारा कणसांचा फेस्त, दोन्हींत भाताची पहिली कणसे आशीर्वाद मागून चर्चमध्ये नेली जातात.

व्यवस्था ढासळली की काय होते, हे यहूदाचा सुभेदार नहेम्या याने लिहून ठेवले आहे. तो बाहेरगावी असताना मंदिराची कोठाराची मोठी खोली त्याचा विरोधक तोबीया याला राहायला दिली गेली, लेव्यांचे वाटे थकले आणि ते सेवा सोडून आपापल्या शेतांवर गेले. परत आल्यावर नहेम्याने तोबीयाचे सामान बाहेर फेकले, खोल्या शुद्ध करवल्या आणि कोठारांवर एक याजक, एक शास्त्री, एक लेवी आणि त्यांच्या हाताखाली हानान अशी विश्वासू माणसे नेमली. मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातले 'कोठारात सर्व दशमांश आणा' हे वचन याच पार्श्वभूमीवर वाचायला हवे. ते कोठार म्हणजे खरोखरच धान्याची खोली होती, आणि तिथले धान्य वाटून खाल्ले जाई.

नव्या करारात प्रथमफळ हा शब्द बहुतेक ठिकाणी माणसांना लागतो. मेलेल्यांतून उठलेला ख्रिस्त प्रथमफळ (1 करिंथ 15), कारण पहिल्या पेंढीमागे सगळे पीक येते. पैशाबद्दल प्रेषित पौल बोलतो तेव्हा तो दशमांशाचा आकडा घालत नाही. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करताना तो सांगतो: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवावे, म्हणजे मी आल्यावर गोळा करत बसावे लागणार नाही. 2 करिंथ 8 मध्ये मोजमापही स्पष्ट आहे: जवळ असेल त्यावरून, नसेल त्यावरून नाही. एकाच्या विपुलतेने दुसऱ्याची उणीव भरावी आणि समानता यावी, हा हेतू. रक्कम मोठी होती, म्हणून कोणी बोट दाखवू नये यासाठी पौलाने मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला. त्या प्रवासातल्या साथीदारांपैकी सात जणांची नावे प्रेषितांची कृत्ये 20 मध्ये आहेत.

एवढे करूनही त्याला धास्ती होती. रोमकरांस लिहिताना तो प्रार्थना करायला सांगतो, ती अधिक पैसे यावेत म्हणून नाही, तर अन्य राष्ट्रीयांचा हा पैसा यरुशलेमेतल्या पवित्र जनांनी स्वीकारावा म्हणून.